साहाय्यार्थ मैफल



वैशाखांतल्या नागपुरास गाण्याची गोष्ट सांगूं जाणें हें अंमळ धाडसाचेंच काम आहे. सकाळचे दहा वाजले नाहींत तों रस्ते ओस पडूं लागतात, दुपारीं पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि नवतप्याचे नऊ दिवस तर माणसें एकेक करून मोजून काढतात. कैरीचें पन्हें, वाळ्याचें पाणी आणि कुलरसमोरची जागा यांपलीकडे मनुष्यास दुसरी कसलीच इच्छा उरत नाहीं. तथापि ज्यांच्या नांवानें या शहराचें संगीत आज ओळखलें जातें, त्या डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म याच उन्हाळ्यांतला, २ मे १९२० चा आहे. आणि त्यांचें निधन झालें तें ३० जुलै १९८३ रोजीं, म्हणजे ऐन पावसाळ्यांत. त्यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास नागपुरांत त्यांच्या नांवाचा स्मृति-संगीत-समारोह भरतो. नागपूर येथें मुख्यालय असलेलें दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तो भरवितें. आणि सिव्हिल लाइन्समधील ज्या सभागृहांत तो बहुधा होतो, त्या सभागृहासही वसंतरावांचेंच नांव दिलेलें आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टींतल्या मैफली आणि पावसाळ्यांतले असे समारोह यांबरोबरच आपल्या शहरांतून आणखी एक प्रकार नित्य दृष्टीस पडतो. तो म्हणजे 'अमुक कार्याच्या साहाय्यार्थ' होणारी मैफल. कधीं ती एखाद्या रुग्णालयासाठीं असते, कधीं शाळेच्या इमारतीसाठीं, तर कधीं भूकंपानें वा महापुरानें उघड्यावर आलेल्या कुटुंबांसाठीं. निमंत्रणपत्रिकेवर हे शब्द वाचले म्हणजे आपल्या मनांत एक सात्त्विक समाधान उत्पन्न होतें. गाणें ऐकावयास मिळणार आणि पदरीं पुण्यही पडणार, असा दुहेरी लाभ कोणास नको आहे? परंतु ही मैफल कोणाच्या साहाय्यार्थ आहे, हें पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलेलें असलें, तरी ती कोणाच्या खर्चानें होत आहे, हें मात्र कोठेंही छापलेलें नसतें. आजच्या माझ्या भाषणाचा विषय हा न छापलेला मजकूर आहे.

प्रथम उन्हाचा आणि गाण्याचा संबंध पाहूं. तो केवळ श्रोत्यांच्या सोयीगैरसोयीपुरता नाहीं. तबल्याच्या पुडीचें कातडें कोरड्या हवेंत आकसतें, ताण वाढतो आणि तबल्याचा स्वर चढतो. दमट हवेंत तेंच कातडें सैलावतें आणि स्वर उतरतो. सारंगीच्या तातीही हवेच्या ओलाव्याबरोबर कमीअधिक ढिल्या पडतात. आतां नागपूरच्या उन्हाळ्यांत काय होतें पाहा. बाहेरची हवा भाजून काढणारी कोरडी, आणि दिवाणखान्यांतली हवा कुलरनें ओली केलेली. घरीं नीट लावून आणलेलें वाद्य तासाभरांत निराळेंच बोलूं लागतें. तबलावादकास हातोडी खालीं ठेवण्याची सवड मिळत नाहीं. दोन चिजांच्या मधल्या क्षणांत तो गट्टे ठोकून वाद्य पुन्हां स्वरांत आणतो. त्यांतच कुलर स्वतःचा एक अखंड सूर लावून बसलेला असतो, आणि तो गायकाच्या षड्जाशीं जुळलाच पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. वातानुकूलित सभागृहें झाल्यापासून हा त्रास पुष्कळ कमी झाला, परंतु घरगुती बैठकींत आणि उघड्या मांडवांत तो अद्याप आहेच.

ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, ऋतूचा सारा जाच ज्याच्या हातावर येतो, तो मनुष्य मैफलींत बाजूस बसलेला असतो. मुख्य गायकाचें छायाचित्र पत्रिकेवर मोठें असतें. साथीदाराचें नांव खालच्या ओळींत बारीक अक्षरांत असतें. त्या बारीक अक्षरांकडे आपण थोड्या वेळानें पुन्हां येऊं.

वसंतरावांचें चरित्र अनेकांस ठाऊक असेल. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर हें त्यांचें जन्मगांव; बालपण मात्र नागपुरांत गेलें. येथेंच शंकरराव सप्रे यांजकडे त्यांचें संगीताचें पहिलें शिक्षण झालें. भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' या १९३५ सालच्या चित्रपटांत कृष्णाची भूमिका या नागपूरच्या मुलानेंच केली. पुढें लाहोरास असद अली खां यांजकडे त्यांना मारव्याची तालीम मिळाली. आवाज तिन्ही सप्तकांत वीज खेळावी तसा खेळणारा, बुद्धि चपळ, आणि ख्याल, ठुमरी, गझल, नाट्यगीत या साऱ्यांत सारखीच गति. असा कलावंत पुढें काय करतो, तर पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत कारकुनाची नोकरी! आणि ती एकदोन वर्षें नव्हे, तर वीसाहून अधिक वर्षें. दिवसभर सरकारी आकडे आणि रात्रीं गाणें, असा त्यांचा क्रम चालला होता. नोकरी सुटली तेव्हां त्यांचें वय पंचेचाळिशीच्या आसपास होतें. त्यानंतर १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक रंगभूमीवर आलें. तें लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर हेही नागपूरचेच. त्यांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें वसंतरावांचें नांव घराघरांत नेलें. १९८२ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षीं ते गेले.

या चरित्रावर २०२२ सालीं 'मी वसंतराव' हा चित्रपटही निघाला, त्यामुळें नव्या पिढीसही तें परिचित झालें आहे. चित्रपट पाहून डोळे पुसणें सोपें असतें. परंतु त्यांतून उठणारा प्रश्न मात्र आपल्यास चिकटून राहिला पाहिजे. ज्या काळांत वसंतरावांचा आवाज सर्वांत तरुण होता, त्या काळांतले त्यांचे दिवस कचेरीनें घेतले, याचें कारण काय? नोकरी करणें कमीपणाचें आहे असें माझें म्हणणें नाहीं. उलट घरसंसाराची जबाबदारी ओळखून ती करणारा मनुष्य आदरासच पात्र आहे. परंतु ज्या समाजास त्यांचें गाणें हवें होतें, त्या समाजापाशीं त्या गाण्याचें मोल देण्याची व्यवस्था नव्हती, हें कबूल करावें लागतें. संस्थानिकांचा आश्रय संपत आलेला होता, आणि त्याच्या जागीं रसिकांचा आश्रय अद्याप उभा राहिलेला नव्हता.

वास्तविक ही व्यवस्था उभी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न वसंतरावांच्या गुरूच्या गुरूंनींच केलेला होता. शंकरराव सप्रे हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. विष्णु दिगंबरांनीं दरबारचा आश्रय सोडला, सौराष्ट्रांत तिकीट लावून जाहीर जलसा केला, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरांत गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. तिकीट लावणें ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. गवयानें राजापुढें गावें वा देवापुढें गावें. चार आणे देणाऱ्या परक्या मनुष्यापुढें त्यानें गावें, हें अनेकांस हलकें वाटे. विष्णु दिगंबरांनीं हें समीकरणच उलटें केलें. राजाच्या मर्जीवर मिळणाऱ्या शेल्यापेक्षां अनोळखी नागरिकानें स्वखुषीनें दिलेले चार आणे अधिक मानाचे आहेत, असें त्यांनीं कृतीनें दाखविलें. कारण शेला ही कृपा होती आणि चार आणे हा करार होता. ज्यानें तिकीट काढलें, त्यास वेळेवर गाणें ऐकण्याचा हक्क होता. आणि ज्यानें गाइलें, त्यास मानानें मोबदला घेण्याचा हक्क होता.

विद्यालयाचा संसार अशाच जलशांच्या उत्पन्नावर आणि लोकांच्या देणग्यांवर चालला. १९०८ सालीं मुंबईस शाखा निघाली, पुढें तिची इमारत झाली, शेंकडों विद्यार्थी तयार झाले. परंतु कर्ज वाढत गेलें आणि शेवटीं ती इमारत हातची गेली. १९३१ सालीं विष्णु दिगंबर मिरजेस निवर्तले, तेव्हां त्यांच्यामागें वास्तु नव्हती. शिष्य मात्र गांवोगांव पेरलेले होते, आणि त्यांपैकीं एक नागपुरांत लहान मुलांस स्वर शिकवीत होता. यांतून दोन धडे निघतात. रसिकांच्या पैशावर मोठें कार्य उभें राहूं शकतें, हा पहिला. आणि रसिकांचा पैसा अखंड येत राहिला नाहीं तर तें कार्य कर्त्याच्या अंगावर कोसळतें, हा दुसरा.

आतां साहाय्यार्थ प्रयोगांतला महाराष्ट्राचा सर्वांत गाजलेला प्रसंग घेऊं. त्याचा एक धागा नागपुराशींच जोडलेला आहे. डिसेंबर १९२० मध्यें राष्ट्रसभेचें अधिवेशन नागपुरास भरलें. असहकाराच्या ठरावाबरोबरच लोकमान्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड उभारण्याचें आवाहन तेथें झालें. या फंडासाठीं ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत 'संयुक्त मानापमान' झालें. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या त्या रात्रीं एका रंगमंचावर आल्या. खाडिलकरांच्या नाटकांतली भामिनी बालगंधर्वांनीं केली आणि धैर्यधर केशवरावांनीं. एरवी दोन गटांत विभागलेले प्रेक्षक एका छताखालीं बसले. फंडास मोठी रक्कम मिळाली, आणि त्या रात्रीची आख्यायिका आज शंभर वर्षांनंतरही सांगितली जाते.

परंतु आख्यायिका पडदा पडतांच संपते. हिशेब मात्र पुढें चालूच राहतो. या प्रयोगानंतर तीन महिने झाले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव भोसले ऐन उमेदीच्या वयांत निवर्तले. बालगंधर्वांच्या मंडळीवर कर्जाचा डोंगर होता, आणि तो उतरविण्यांत त्यांचीं पुढचीं कित्येक वर्षें गेलीं. या दोन्ही दुःखांस तो प्रयोग कारण झाला, असें मी मुळींच सुचवीत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्या दोन कलावंतांनीं राष्ट्रकार्यास मुक्त हस्तें दिलें, ते कांहीं सुखवस्तु धनिक नव्हते. देणाऱ्याच्या घरीं काय शिल्लक आहे, हें टाळ्या वाजविणाऱ्यांस ठाऊक नव्हतें. कलावंत देतो तें आपल्या वैभवांतून देतो, असा आपला एक सुखद समज असतो. पुष्कळदां तो आपल्या उद्यांच्या भाकरींतून देत असतो.

हें त्या काळापुरतेंच खरें आहे, असें समजूं नये. आजची एखादी साहाय्यार्थ मैफल घेऊं, आणि केवळ उदाहरणादाखल कांहीं आकडे धरून चालूं. सभागृहांत ५०० खुर्च्या आहेत आणि तिकीट ३०० रुपयांचें आहे. सर्व तिकिटें विकलीं गेलीं तर जमा होतात १,५०,००० रुपये. पण प्रत्यक्षांत काय होतें? देणगीदार, पदाधिकारी, त्यांचे स्नेही, आणि स्नेह्यांचे स्नेही यांना मिळून १५० सन्मानिका वांटल्या जातात. म्हणजे ४५,००० रुपये मैफल सुरू होण्यापूर्वींच गेले आणि हातीं राहिले १,०५,०००. त्यांतून सभागृहाचें भाडें, ध्वनिक्षेपण, छपाई, प्रवास आणि निवास मिळून ७०,००० धरूं. मुख्य गायकानें कार्याकरितां बिदागी सोडली, असेंही धरूं. चार साथीदारांस प्रत्येकीं ५,००० प्रमाणें २०,००० दिले, कीं कार्यास उरतात फक्त १५,०००. इतकी खटपट करून पंधराच हजार उरले, हें कार्यवाहांस कसेंसेंच वाटतें. मग कोणी तरी सुचवितो, 'साथीदारांनींही थोडी झळ सोसावी. शेवटीं कार्य सर्वांचेंच आहे.' साथीदारांस श्रीफळ आणि शाल दिली जाते. कार्यास ३५,००० रुपये मिळतात, आणि दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत संस्थेचें अभिनंदन येतें.

या उदाहरणांत खरा देणगीदार कोण, हें आतां तुम्हीच सांगा. पत्रिकेवर ज्यांचीं नांवें आहेत ते नव्हेत. सन्मानिकेवर येऊन पहिल्या रांगेंत बसणारे तर नव्हेतच. ३५,००० पैकीं २०,००० ज्यांनीं दिले, ते तबला, संवादिनी, सारंगी आणि तंबोरा घेऊन बाजूस बसलेले चार जण आहेत. त्यांना कोणी विचारलें नाहीं, त्यांचे आभार मानले गेले नाहींत, आणि 'नाहीं' म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. कारण मुख्य गायकाबरोबर पुढच्या महिन्यांतही त्यांना काम करावयाचें आहे. मुख्य गायकानें बिदागी सोडली तर त्याची कीर्ति वाढते, आणि कीर्तीमागून पुढें धनही येतें. साथीदारानें बिदागी सोडली तर त्याचा फक्त महिना बिघडतो. दोघांचा त्याग एकाच तराजूंत तोलणें न्यायाचें नाहीं.

या बाबतींत ज्या माध्यमांतून मी बोलत आहें, त्याचें एक श्रेय नमूद करणें अप्रस्तुत होणार नाहीं. नागपूरचें नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. संस्थानें विलीन होत असतां गवयांना जो नवा आश्रयदाता मिळाला, तो म्हणजे नभोवाणी. तिनें कलावंतांच्या श्रेणी ठरविल्या, त्यांबद्दल वादही पुष्कळ झाले. परंतु एक गोष्ट तिनें निर्विवाद केली. गायकाचा करार झाला तसा वादकाचाही झाला, आणि पगारावर नेमलेले वादक केंद्रांत बसूं लागले. साथ ही मर्जीनें देण्याची बक्षिसी नसून कामाचें वेतन आहे, ही कल्पना कागदावर आली. आपल्या खासगी मैफली तेवढ्या व्यवस्थितपणानें वागत्या, तर आजच्या भाषणाची गरजच पडती ना.

आतां विनामूल्य समारोहाकडे वळूं. १९८६ सालीं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरांत आलें, आणि सरकारी साहाय्यानें मोठमोठे कलावंत या शहरास ऐकावयास मिळूं लागले. सरकारी केंद्रांचे असे समारोह बहुधा विनामूल्य असतात. ज्या विद्यार्थ्यास तिकीट परवडत नाहीं, त्यास देशांतला उत्तम गायक समोर बसून ऐकतां यावा, यासारखें दुसरें सत्कार्य नाहीं. येथें कलावंतास मोबदला मिळतो तो करदात्यांच्या पैशांतून, म्हणजे तो तुमच्याआमच्याच पैशांतून मिळतो. यास्तव असे समारोह बंद व्हावेत, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं.

परंतु विनामूल्य गाण्याची एक सवय श्रोत्यांस लागते, आणि ती हळूहळू अंगीं मुरते. ज्याला आपण कांहीं दिलें नाहीं, त्याचें आपणांस कांहीं देणें लागत नाहीं, असें वाटूं लागतें. उशिरा येणें, मध्येंच उठून जाणें, विलंबित ख्याल चालला असतां शेजाऱ्याशीं बोलणें, हे सारे त्या सवयीचेच प्रकार आहेत. आणि मग कोणा लहान संस्थेनें, सरकारी आधार नसतां, २०० रुपयांचें तिकीट लावून एखाद्या नव्या गायिकेची मैफल योजिली, तर 'इतके पैसे कशासाठीं?' असा प्रश्न तोच श्रोता करतो, जो एका वेळच्या हॉटेलांत त्याच्या दुप्पट रक्कम हंसत खर्च करतो. अशा रीतीनें विनामूल्य समारोहाच्या सावलींत लहान संस्थेचें रोपटें वाळूं शकतें. हा दोष समारोहाचा नव्हे. तो आपला, श्रोत्यांचा आहे.

याच्या उलट दाखला पुण्याचा घेतां येईल. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ सालीं निवर्तले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं पुढच्याच वर्षापासून गुरूच्या स्मरणार्थ उत्सव सुरू केला. लहान प्रमाणावर आरंभ झालेला तो उत्सव आज हजारों श्रोते तिकीट काढून ऐकतात; कोणी खुर्चीवर बसतात, कोणी भारतीय बैठकीवर. त्या उत्सवाचें बळ केवळ नामांकित कलावंतांत नाहीं. वर्षानुवर्षें तिकिटाचे पैसे आधींच बाजूस ठेवणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांत तें आहे. एका गायकाची निष्ठा आणि अनेक श्रोत्यांची शिस्त, या दोहोंच्या जोडीनें तो उत्सव उभा राहिला. पुण्याची हवा थंड आणि आमची उष्ण, एवढ्या कारणानें नागपुरास हें अशक्य आहे, असें मला वाटत नाहीं.

साहाय्याची गरज केवळ रुग्णालयांस आणि शाळांसच असते असें नाहीं. ती संगीतासही असते, आणि ती केव्हां उघडी पडेल याचा नेम नसतो. २ मे २०२० रोजीं वसंतरावांच्या जन्मास शंभर वर्षें पूर्ण झालीं. एरवी त्या दिवशीं शहरोशहरीं मैफली झाल्या असत्या. परंतु २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. सभागृहांस कुलुपें होतीं, लग्नसराईचे मांडव उठले होते, शिकवण्या बंद होत्या. मोठे गायक घरीं बसून रियाज करूं शकले. परंतु तबल्यास शाई लावणारा, तंबोऱ्याची जवारी काढणारा, ध्वनिक्षेपकाच्या तारा ओढणारा आणि रोजच्या साथीवर घर चालविणारा वादक, यांचें उत्पन्न एका दिवसांत थांबलें. ज्यांनीं आयुष्यभर दुसऱ्यांच्या साहाय्यार्थ हात चालविले, त्यांच्या साहाय्यास मात्र कोणताही सांचलेला निधि नव्हता. पुष्कळ ठिकाणीं कलावंतांनींच घरून गाऊन सहकाऱ्यांसाठीं पैसे जमविले. तें कौतुकास्पद खरेंच. पण संकटाच्या वेळीं पुन्हां कलावंतानेंच कलावंतास द्यावें, यांत श्रोता कोठें होता?

टीका करून थांबणें सोपें असतें, म्हणून चार व्यवहार्य सूचना करतों. पहिली सूचना अशी कीं, कोणत्याही साहाय्यार्थ मैफलीचा जमाखर्च महिन्याच्या आंत प्रसिद्ध व्हावा. तिकिटांतून किती आले, खर्च किती झाला, कार्यास किती गेले, हें श्रोत्यांस कळावें. दुसरी सूचना : साथीदारांचें वेतन हा खर्चांतला पहिला आंकडा असावा, आणि तें दिल्यावर जें उरेल तेंच साहाय्य समजावें. एखाद्या वादकास तें परत द्यावयाचें असेल तर त्यानें तें घेऊन मग आपण होऊन द्यावें, आणि देणगीदारांच्या यादींत त्याचें नांव पहिलें छापावें. तिसरी : सन्मानिका बंद कराव्या. ज्यांचा सन्मान करावयाचा, त्यांनीं तिकीट काढून तो सन्मान स्वतः मिळवावा. वरच्या उदाहरणांत केवळ सन्मानिका नसत्या, तर साथीदारांचे पैसे चुकते करूनही कार्यास ६०,००० रुपये मिळाले असते.

चौथी सूचना वसंतरावांच्या नगरीस उद्देशून आहे. पावसाळ्यांतला विनामूल्य समारोह आहे तसाच राहो. परंतु दर उन्हाळ्यांत, २ मेच्या सुमारास, या शहरांतील संस्थांनीं मिळून एक संध्याकाळ अशी योजावी, जी दुसऱ्या कोणत्याही कार्यासाठीं नसेल, केवळ संगीताच्या साहाय्यार्थ असेल. त्या संध्याकाळच्या उत्पन्नाचे दोन भाग करावेत. एक भाग वृद्ध आणि आजारी साथीदारांसाठीं सांचवीत जावा. दुसरा भाग अशा एखाद्या तरुण विद्यार्थ्यास द्यावा, ज्याला गाणें सोडून कचेरी धरावी लागण्याची वेळ आलेली आहे. सगळ्यांनाच नोकरीपासून सोडवितां येणार नाहीं. परंतु दरसाल एका मुलाचीं दोन वर्षें जरी आपणांस विकत घेतां आलीं, तरी पुष्कळ झालें. लष्करी हिशेबाच्या कचेरींत गेलेले वसंतरावांचे दिवस आतां परत आणतां येणार नाहींत. तसे दिवस दुसऱ्या कोणाचे जाऊं नयेत, एवढें मात्र आपल्या हातीं आहे.

उन्हाळा कडक आहे म्हणून मैफल टाळणें क्षम्य आहे. परंतु एकदां गेलों म्हणजे तिकीट काढून जावें, वेळेवर जावें, आणि भैरवी होईपर्यंत बसावें. घरीं परततांना पत्रिका टाकून देण्यापूर्वीं तिच्यावरचीं बारीक अक्षरें वाचावीं आणि तबल्यावर कोण होतें, संवादिनीवर कोण होतें, तीं नांवें घरांतल्या मुलांस सांगावीं. साहाय्याचा आरंभ तेवढ्यापासूनही होतो.